शेजाऱ्याच्या श्वासाचा हक्क



दिव्य कुरआनातील ४४व्या सूरहचे नाव ‘अद्-दुखान’ आहे. दुखान म्हणजे धूर. या सूरहच्या आरंभी आकाशातून येणाऱ्या आणि माणसांना चहूबाजूंनी घेरणाऱ्या धुराचा उल्लेख असून त्याला यातना म्हटले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्याचा संबंध मक्केतील दुष्काळाशी जोडला, भुकेने व्याकुळ झालेल्या लोकांना तेव्हा आकाश धुरकट दिसू लागले होते. इतर भाष्यकारांनी ती कयामतच्या निकटची निशाणी मानली. अर्थ कोणताही घ्या, एक गोष्ट दोन्हींत समान आहे. ज्यात श्वास कोंडतो आणि ज्यापासून पळून जाता येत नाही, असा धूर हा अजाब आहे. सूरह अल्-वाकिआमध्येही दुर्दैवी लोकांच्या वाट्याला येणारी सावली काळ्या धुराची असल्याचे सांगितले आहे.

आता स्वतःला एक प्रश्न विचारू या. ज्या गोष्टीचा उल्लेख अल्लाहने यातना म्हणून केला, ती गोष्ट आपण आपल्या हाताने, एका काडीने, शेजाऱ्याच्या घरात रोज पाठवत असू, तर त्या कृतीला काय म्हणावे?

नंदुरबार हा मोठ्या कारखान्यांचा जिल्हा नाही. स्वच्छ हवेसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत आपल्या जवळची जळगाव व नाशिक ही शहरे आली. नंदुरबारचे नाव त्यात नाही. त्यामुळे प्रदूषण ही मुंबई-दिल्लीची गोष्ट, आपल्याकडे सातपुडा आहे, तापी आहे, मोकळी हवा आहे, असा आपला समज होतो. परंतु यादीत नाव नसणे म्हणजे गल्लीत धूर नसणे नव्हे. आपल्याकडचा धूर लहान लहान ठिकाणांहून उठतो. कचऱ्याचा पेटवलेला ढीग, बंद खोलीतील चूल, दुकानापुढचा जनरेटर, उभ्या जागी घरघरणारी मोटारसायकल, शेतात पेटवलेले उसाचे पाचट, अंगणात जाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. यांतील प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

कारखान्याचे धुराडे निदान उंच तरी असते. गल्लीतल्या ढिगाचा धूर लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर निघतो आणि समोरच्या खिडकीतून सरळ आत जातो. त्यात हिवाळा आला की तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला थंडी पडते व खाली मैदानातही रात्रीची हवा गार होऊन जमिनीलगत बसते. वरची हवा तिच्याहून उबदार असल्यामुळे खालचा धूर वर जाऊ शकत नाही; भांड्यावर झाकण ठेवावे तसा तो वस्तीवर कोंडून राहतो. फज्रच्या नमाजला निघणाऱ्यांना तो दिसतो. पुष्कळ जण त्याला धुके समजतात. परंतु धुक्याने डोळे चुरचुरत नाहीत.

या धुरातील सर्वांत घातक अंश डोळ्यांना दिसतही नाही. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण हे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तात मिसळतात. म्हणून धुराचा परिणाम खोकला व दम्यापुरता न राहता हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात केवळ घरातील चुली व इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

शेजारी कोण?

सूरह अन्-निसाच्या ३६व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आज्ञेबरोबरच आई-वडील, नातेवाईक, अनाथ व गरजू यांच्याशी सद्वर्तन करण्याची आज्ञा दिली आणि त्याच ओघात जवळचा शेजारी आणि दूरचा शेजारी अशा दोघांचा स्वतंत्र उल्लेख केला. धुराच्या बाबतीत ही विभागणी किती नेमकी ठरते ते पाहा. आपला आवाज जवळच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. आपला धूर मात्र जवळच्याला गाठून दूरच्यापर्यंत जातो. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याचे दार आपण कधी पाहिले नाही, त्याच्या घरात तो परवानगीवाचून शिरतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहची शपथ घेऊन, ती तीनदा उच्चारून, अशा माणसाच्या ईमानचा इन्कार केला, ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही. ही हदीस बुखारीत आहे. येथे शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला त्यातून भेट पाठवली की नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले होते. आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, गुजर, मराठा, मुस्लिम असे नाना समाज एकमेकांना लागून राहतात. मराठीत ज्याला शेजारधर्म म्हणतात, तो या सर्वांशी पाळायचा आहे.

याच संदर्भात आणखी एका शिकवणीकडे लक्ष द्यावे. कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. कांदा-लसूण हराम नाही. आक्षेप त्याच्या वासाला आहे, कारण तो शेजारी उभ्या असलेल्या नमाजीला त्रास देतो, आणि माणसांना ज्याचा त्रास होतो त्याचा फरिश्त्यांनाही होतो. हवेतून पोहोचणाऱ्या एवढ्याशा त्रासाची जेथे दखल घेतली गेली, तेथे जळत्या प्लास्टिकचा धूर कोणाच्या छातीत सोडणे ही सामान्य बाब कशी ठरेल?

नुकसानीने नुकसान दूर होत नाही

कचरा जाळणारा माणूस सहसा दुष्ट नसतो. त्याला वाटते, आपण घाण नाहीशी केली, परिसर स्वच्छ केला. या गैरसमजाचे उत्तर फिकहच्या एका नियमात आहे.

उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची कायदेसंहिता तयार झाली. तिच्या १९व्या कलमात प्रेषितांच्या (स.) वचनावर आधारलेले प्रसिद्ध तत्त्व आहे की, कोणाला नुकसान पोहोचवायचे नाही आणि नुकसानीच्या बदल्यातही नुकसान करायचे नाही. २०वे कलम सांगते की नुकसान दूर केले गेले पाहिजे. आणि २५वे कलम त्याला मर्यादा घालते : एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीने दूर करता येत नाही.

हा नियम कचऱ्याच्या ढिगाला लावून पाहा. कचरा ही घाण आहे, ती दूर केलीच पाहिजे. पण ती पेटवल्याने नष्ट होत नाही, तिचा केवळ पत्ता बदलतो. कोपऱ्यावर पडलेली घाण शेजारच्या आजारी वृद्धाच्या फुप्फुसात जाऊन पडते. ओलसर कचरा नीट पेट घेत नाही, धुमसत राहतो. आणि अर्धवट जळणातूनच सर्वांत जास्त काजळी व विषारी वायू निघतात. पीव्हीसीसारख्या क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या जळण्यातून डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती सहजी नाश पावत नाहीत. मातीत व चाऱ्यात उतरून जनावराच्या दुधातून पुन्हा आपल्याच घरी येतात.

याच संहितेचे १२००वे कलम तर जणू आपल्या गल्लीसाठी लिहिले आहे. एखाद्याने घराला लागून भट्टी किंवा तेलाचा घाणा उभारला आणि त्याच्या धुराने वा दुर्गंधीने घरमालकाला तेथे राहणे अशक्य झाले, तर ते गंभीर नुकसान समजून दूर केले जाईल, असे त्यात म्हटले आहे. घराजवळ केलेल्या खळ्याच्या धुळीने शेजाऱ्याला राहणे अशक्य झाले, तरी तोच निर्णय. इतकेच नव्हे, तर कोणाच्या खळ्याजवळ नवी इमारत बांधून त्याचा वारा अडवला, तर तेही नुकसानच मानले गेले. म्हणजे जागा माझी, माल माझा, पैसा माझा, हे सारे मान्य करूनही आपल्या फकीहांनी सांगितले की हवा तुझ्या एकट्याची नाही.

नंदुरबारच्या वाचकांना खळ्याच्या धुळीचे उदाहरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मिरचीच्या हंगामात शहराबाहेर लाल पथाऱ्या अंथरल्या जातात. या व्यवसायावर असंख्य घरांची चूल पेटते, आणि हलाल कमाईचा हा मार्ग अल्लाहने अधिक बरकतीचा करावा. परंतु देठ खुडणाऱ्या बाया ज्या धुळीत दिवसभर बसतात, ती धूळही श्वासच आहे. त्यांना तोंडाला बांधायला चांगले कापड किंवा मास्क देणे, सावली व वाहत्या हवेची बाजू देणे, हा व्यापाऱ्याने करावयाचा उपकार नसून मजुराचा हक्क आहे. आणि खराब मिरची व देठांचा ढीग पेटवणे तर कोणीही करू नये. एका मिरचीच्या फोडणीचा ठसका घरभर पसरतो. येथे तर ढीगच्या ढीग जळतात.

माफी कोणाकडे मागणार?

बंधूंनो, आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उलेमांनी माणसावरील जबाबदाऱ्या दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत : अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली आणि मनापासून तौबा केली, तर तो क्षमाशील आहे. माणसाच्या हक्काबाबत मात्र केवळ तौबा पुरत नाही. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी लागते किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी लागते.

कोणाचे पैसे बुडवले असतील तर आज ना उद्या परत करता येतात. कोणाला शिवी दिली असेल तर त्याच्या दारी जाऊन हात जोडता येतात. पण धुराचे काय? आपण पेटवलेल्या ढिगाचा धूर किती घरांत गेला, कोणत्या तान्ह्या बाळाला रात्रभर खोकला लागला, कोणत्या दमेकऱ्याला दवाखाना गाठावा लागला, याची यादी आपल्याजवळ नाही. मग आपण माफी कोणाच्या दारी जाऊन मागणार?

मुस्लिम शरीफमधील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतमधील खऱ्या दिवाळखोराची ओळख करून दिली आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाचा अपमान केलेला असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला इजा केलेली असेल. त्याची पुण्ये त्या लोकांत वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्या माथी येतील. ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत असे हक्कदार त्या दिवशी रांगेत उभे असतील, तर आपल्या गाठोड्यात काय उरेल, याचा विचार आजच करायला हवा. ज्या हक्काची परतफेड करता येत नाही, त्याबाबत एकच सुरक्षित मार्ग उरतो : तो हक्क मुळात मारायचाच नाही.

कोणी म्हणेल, माझ्या एकट्याच्या ढिगाने काय होते? याचे उत्तर नौकेच्या हदीसमध्ये आहे. नौकेत काही लोक वर बसले, काही खाली. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. ते म्हणाले, वरच्यांना त्रास कशाला, आपण आपल्या भागात एक भोक पाडू. प्रेषितांनी (स.) सांगितले की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील, हात धरला तर सारेच वाचतील. हवेच्या नौकेत वरचा मजला नसतो. जाळणाराही तोच श्वास घेतो आणि पाहत राहणाराही.

मशीद आणि घरापासून आरंभ

सुधारणेची सुरुवात आपल्या मशिदीपासून व्हावी. रमजानमध्ये इफ्तारनंतर कागदी पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या वाट्या यांचा जो ढीग साचतो, तो मागच्या बाजूला नेऊन पेटवणे ही इबादतीच्या महिन्यात न शोभणारी गोष्ट आहे. स्टीलची ताटे घ्यावीत, तरुणांनी ती धुण्याची पाळी लावून घ्यावी. भांडी घासण्यातही खिदमतचे पुण्य आहे. वीज गेल्यावर लागणारा जनरेटर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नसावा, आणि जेथे ऐपत असेल तेथे इन्व्हर्टर किंवा सौर पॅनल बसवावे. वर्गणीतून झुंबर घेण्यापेक्षा हे अधिक सवाबचे काम आहे.

ईदुल अज्हाला काही ठिकाणी बकऱ्याचे पाय व मुंडी रस्त्यावर टायर पेटवून भाजतात. टायरच्या धुरातील विष त्या मांसावरही बसते आणि मोहल्ल्यावरही. हे काम गॅसच्या बर्नरवर, वस्तीपासून दूर, एका ठिकाणी करण्याची व्यवस्था जमातने करावी. कुर्बानीचे अवशेष जाळू नयेत. ते खोल पुरावेत किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्यावेत. लग्नातील देग शिजवताना भटारीला कोरडे लाकूड द्यावे, ओले लाकूड व त्यात टाकलेले प्लास्टिक बंद करावे. फटाक्यांविषयी तर सांगायलाच नको. तेथे इस्राफ आणि इजा, दोन्ही एकत्र येतात.

मशिदीत जाताना शक्य असेल तर पायी जावे. बनू सलमा कबिल्याचे लोक दूरचे घर सोडून मस्जिदे नबवीजवळ राहायला येऊ पाहत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना तेथेच राहण्यास सांगितले, कारण त्यांचे प्रत्येक पाऊल लिहिले जात होते. दोन गल्ल्या ओलांडण्यासाठी मोटारसायकल काढणारा आपली पावले गमावतो. ज्याला वाहन आवश्यकच आहे, त्याने ते वेळेवर दुरुस्त ठेवावे आणि दाराशी उभे असताना इंजिन बंद करावे.

घरातील धुराचा पहिला घाव आपल्या माता-भगिनींवर व त्यांच्या कडेवरच्या मुलांवर पडतो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस आला. परंतु टाकी भरून आणण्याची ऐपत नसल्याने कित्येक घरांत चूल पुन्हा पेटली. त्या बहिणीला दोष देणे हा अन्याय ठरेल. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आपल्या नातलगाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी टाकी भरून द्यावी. हा उत्तम सदका आहे. जेथे चूल अपरिहार्य आहे, तेथे कोरडे सरपण, धुराडे आणि उघडी खिडकी एवढे तरी असावे.

रात्री झोपताना घरात आग जळती ठेवू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे; आगीला त्यांनी माणसाचा शत्रू म्हटले. आज आपल्याला तिचे आणखी एक कारण ठाऊक आहे. थंडीत बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. मच्छर अगरबत्ती आणि लोबानच्या बाबतीतही खिडकी उघडी ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

शेत, शहर आणि कायदा

शहादा-तळोद्याकडील शेतकरी बांधवांनी पाचट व पऱ्हाट्यांना कचरा समजू नये. पाचट सरीत अंथरले तर ओलावा टिकतो व कुजून खत होते. पऱ्हाट्यांची यंत्राने कुट्टी करून ती जमिनीत मिसळता येते. पेटवलेले शेत क्षणात साफ दिसते, पण मातीतील असंख्य जीवही त्यासोबत जळतात. सूरह अल्-अअराफमध्ये सुव्यवस्था लावून दिलेल्या धरतीवर बिघाड माजवण्यास जी मनाई आहे, तिची आठवण अशा वेळी ठेवावी.

देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर किंवा मोकळ्या जागी कचरा टाकण्यास, जाळण्यास व पुरण्यास मनाई केली. म्हणूनच कुर्बानीचे अवशेष कोठे पुरायचे, ती जागा नगरपालिकेशी ठरवूनच घ्यावी. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये दंड ठरवला. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्या व्यवसायात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. हा बदल खर्चाचा आहे हे खरे. त्यासाठी सवलत व साहाय्य मागणे रास्त आहे. पण भट्टीच्या धुराविषयी आपल्याच फिकहने दीडशे वर्षांपूर्वी काय नोंदवले, हेही विसरू नये.

आणि केवळ जनतेला उपदेश करून भागणार नाही. ज्या मोहल्ल्यात घंटागाडी आठ-आठ दिवस फिरकत नाही, तेथे माणूस काडी लावतो. म्हणून मशिदीच्या जमातने, सर्व समाजाच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, नगरपालिकेकडे लेखी मागणी करावी : गाडी रोज यावी, ओला व सुका कचरा वेगळा नेला जावा, झाडलेल्या पाल्यासाठी खतखड्डा असावा. पाला पेटवणाऱ्या सफाई कामगारावर ओरडू नये. तो टाकायला त्याला जागा दिलेली नसते. ती जागा मिळवून देणे हे आपले काम. आणि गाडी आली की कचरा वेगळा करून तिच्यात देणे, हेही आपलेच काम.

रस्त्यावरील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. काटा उचलला की एका पायाला आराम मिळतो. ढीग न पेटवणाऱ्या हाताने किती छातींना आराम दिला, हे त्याला या जगात कळणार नाही. परंतु ज्याच्या ज्ञानाबाहेर एक पानही गळत नाही, त्याला ते ठाऊक असेल.

हे अल्लाह, आमच्या हातून कोणाच्या श्वासाला इजा पोहोचू देऊ नकोस. आमच्या आजारी शेजाऱ्यांना बरे कर. आमची घरे, आमच्या मशिदी आणि आमचे शहर सर्वांसाठी सुरक्षित कर, आणि आम्ही ज्यांना ओळखत नाही अशांचे हक्क घेऊन तुझ्यापुढे उभे राहण्यापासून आम्हाला वाचव. आमीन.